नाबोथाचा मळा आणि आपली ज्वारी



जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट (1 राजे 21) आपल्या परिचयाची आहे. अहाब राजाला राजवाड्याजवळचा त्याचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख दाम, असा सौदा होता. व्यवहार म्हणून तो काही वाईट नव्हता. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. पुढे त्या नकारापायी त्याचा जीव गेला.

आज राजा दारात येत नाही. पण गावाकडचा दोन-तीन एकरांचा तुकडा ठेवायचा कशाला, हा प्रश्न घरोघरी निघतो. महाराष्ट्रात 1970-71 साली एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टरवर आली. मोठी यंत्रे, एकच पीक आणि कारखान्याला माल, हीच आता प्रगती असे सांगितले जाते.

हिशेब मात्र वेगळे सांगतो. भारतात लहान शेतात एकरी उत्पन्न बहुधा मोठ्या शेतापेक्षा जास्त निघते, याकडे अमर्त्य सेन यांनी 1962 सालीच लक्ष वेधले होते. घरची माणसे राबतात, बांधापर्यंत नजर असते. 2021 सालच्या एका अभ्यासानुसार दोन हेक्टरांहून लहान शेते जगातील सुमारे 12 टक्के शेतजमिनीवर सुमारे 35 टक्के अन्न पिकवतात.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. पाऊस कमी, तोही बेभरवशाचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी पेरली की ती मुरलेल्या ओलीवर येते. कणसाची भाकरी, ताटांचा कडबा, थंडीत हुरडा. कडेने करडई घातली की काट्यांमुळे जनावरे आत शिरत नाहीत, आणि घरात तेलही येते. माणूस, गुरे आणि जमीन या तिघांचे पोट भरावे, या गरजेतून ही शेती घडली. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपण ती रोज खातो म्हणून तिचे अप्रूप वाटत नाही, इतकेच.

ऊस वर्ष ते दीड वर्ष रानात उभा राहतो. राज्यातील पिकांखालच्या जमिनीपैकी जेमतेम 4 टक्के त्याच्याकडे, पण सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी तो पितो, असा अंदाज वारंवार मांडला गेला आहे. ऊस लावणाऱ्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. तोही बहुधा लहान शेतकरीच आहे, आणि त्याच्या मालाला निदान घेणारा तरी ठरलेला असतो. पण सगळे रान उसाखाली गेले की दाणे दुकानातून, वैरण बाजारातून आणि पाणी उजनीतून. यातले एक जरी अडले तरी घर अडते. दुष्काळात ज्वारीलाही मार बसतो. उसात मात्र त्यासोबत मोठे कर्जही अंगावर राहते.

पोप जॉन तेविसावे यांनी 15 मे 1961 च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात कुटुंबाच्या शेतीला आदर्श मानले. मात्र त्या शेतीतून कुटुंबाला सन्मानाने जगता येईल एवढे उत्पन्न मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी शिक्षण व सहकार हवा, असेही त्यांनी बजावले. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ मध्ये लहान शेतकऱ्यांना जमिनी विकाव्या लागतात, याकडे पुन्हा लक्ष वेधले.

एकट्याला ट्रॅक्टर परवडत नाही आणि एकट्याच्या चार पोत्यांना भाव मिळत नाही, हे खरेच. सावड आपल्याकडे जुनीच आहे. 2002 च्या कायदादुरुस्तीपासून शेतकऱ्यांना मिळून स्वतःची उत्पादक कंपनीही काढता येते.

या आठवड्यात आपापल्या समूहात 1 राजे 21:1-4 वाचावे. ज्यांचे गावाकडे रान आहे त्यांनी सांगावे : ते आज कोण कसते, त्यात काय पिकते, आणि विकण्याचा विचार निघाला असेल तर तो कशामुळे?