पांढऱ्या चहातले कॅफीन

"डॉक्टर, नेहमीचा चहा सोडला, आता पांढरा चहा घेते. त्यात कॅफीन नसतंच ना?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर कानावर येतो. कॅफीन असते, कधीकधी तर नेहमीच्या चहाइतके असते.

पांढरा चहा ही वेगळी वनस्पती नव्हे. आपला कडक चहा, हिरवा चहा आणि हा, तिन्ही एकाच झुडपाचे. मूळचा तो चीनच्या फुजियान प्रांतातला. आता दार्जिलिंग, आसाम, निलगिरीतही होतो. टोकाच्या न उमललेल्या पानांच्या लवदार कळ्या आणि कोवळी पाने खुडायची, पसरून सुकवायची, मळायची नाहीत, एवढीच त्याची कृती. नेहमीच्या चहाची पाने चुरडून हवेवर ठेवतात, त्यातून तो गडद रंग येतो. कॅफीनला स्वतःला रंगच नसतो. तेव्हा कपाच्या रंगावरून कॅफीन ठरवणे म्हणजे पाण्याकडे नुसते पाहून त्यातले मीठ सांगण्यासारखे आहे.

गंमत अशी, की झाड कॅफीन तयार करते ते किडीपासून बचावासाठी, आणि किडीला हवी असतात कोवळी पाने. म्हणून कळीत आणि पहिल्या पानात ते जास्त, जून पानात कमी. पांढरा चहा तर बहुधा कळ्यांचाच! कपात ते कमी उतरलेच, तर अखंड पाने, कमी तापलेले पाणी आणि थोडी पत्ती यांमुळे.

गेल्या वर्षी पाचवा महिना असलेल्या एक भगिनी झोप नाही, छातीत धडधडते म्हणून आल्या. हिमोग्लोबिन 9. घरचा दोन वेळचा चहा सोडून त्यांनी पांढऱ्या चहाचा थर्मास भरून ठेवायला सुरुवात केली होती, पत्ती आतच. दिवसाला सहा-सात कप सहज होत, आणि लोहाची गोळीही त्याच चहाबरोबर! धडधडीला अंगात रक्त कमी असणे हेही कारण होते, सगळे खापर मी चहावर फोडत नाही. पण एरवी शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला सुमारे 5 तास लागतात, गरोदरपणात दिवस भरत जातात तसा हा वेळ कितीतरी वाढतो आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. गरोदर स्त्रीने दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहावे, निरोगी प्रौढांनी 400 च्या, असा सर्वसाधारण सल्ला आहे. चहाच्या कपाला 20 ते 50 मिलिग्रॅम धरा आणि हिशेब करा. शिवाय चहातली तुरट द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. मी त्यांना दोनच फिके कप, तेही दुपारपूर्वी, आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. गोळी आणि जेवण यांपासून चहा निदान तासभर दूर ठेवावा; हे कोणत्याही चहाला लागू आहे.

आता करण्याची रीत. आपल्यासारखा खळखळून उकळू नये, दूध-साखर तर नकोच. चव नाजूक असते, पैसे वाया जातात. पाणी उकळून गॅस बंद करावा, चार-पाच मिनिटे थांबावे. एका कपाला साधारण 2 ग्रॅम पत्ती. ती फुगीर असल्याने एक चमचा कमी पडतो, दोन लागतात. वर झाकण ठेवून 3 मिनिटांत गाळावे. जास्त वेळ, जास्त गरम पाणी किंवा जास्त पत्ती, यांतले काहीही केले तरी कॅफीन वाढते. तीच पत्ती दुसऱ्यांदा वापरता येते, त्या कपात ते कमी असते.

पहिले अर्ध्या मिनिटाचे पाणी फेकले की कॅफीन निघून जाते, असे काही जण सांगतात. तेवढ्या वेळात थोडासाच भाग उतरतो, बाकीचे पत्तीतच राहते. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी या युक्तीवर विसंबून रात्री कप भरू नये. दुपारी तीननंतर चहा बंद करून आठवडाभर पाहावे. रोज पाच-सहा कप घेणाऱ्यांनी मात्र एकदम बंद करू नये, डोके दुखते. दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करत जावा.