रस्त्याच्या कडेची माणसे

मंडळी, जुलै महिना आहे. फ्रान्स देशातला एक डोंगरी घाट आहे. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा आणि त्याची बायको घडीच्या खुर्च्या टाकून बसली आहेत. जवळ पाव आहे, पाण्याच्या बाटल्या आहेत, उन्हाला छत्री आहे. ही जागा त्यांनी आज धरलेली नाही. काल दुपारीच येऊन धरली. रात्री दोघे मोटारीतच झोपली.

कशासाठी एवढा खटाटोप? या रस्त्याने सायकलींची शर्यत जायची आहे.

आणि ती त्यांना दिसणार किती वेळ? सपाट रस्ता असता, तर सगळा घोळका मिनिटाच्या आत सर्रकन निघून गेला असता. कोण कुठला तेही कळले नसते. घाटात जरा बरे असते. चढाला स्वार दमतात, पांगतात, एकेक करून येतात. तोंड दिसते. धाप ऐकू येते. म्हणून शौकीन माणूस घाटच गाठतो. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत बोरघाट चढून जाते, आणि घाटात जो पहिला येतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या घाटाच्या ओढीचे कारण सांगायला नको.

फ्रान्सच्या या शर्यतीचे नाव टूर द फ्रान्स. म्हणजे फ्रान्सची फेरी. ती एका दिवसात संपत नाही. तीन आठवडे चालते. रोज एक टप्पा, असे एकवीस टप्पे. मधे दोन दिवस विसावा. एकंदर अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर. आज कोण पहिला आला, याला मान आहेच. पण खरा हिशेब निराळा. प्रत्येक स्वाराला रोज किती वेळ लागला, ते मांडून ठेवतात. हजेरीबुकात रोजचा हजेरीपट मांडतात ना, तसेच. शेवटी बेरीज करतात. ज्याची वेळ सगळ्यांत कमी, तो जिंकला. बेरजेत जो पुढे असेल, त्याला दुसऱ्या दिवशी पिवळा सदरा घालून सायकल चालवायचा मान मिळतो. त्या पिवळ्या सदऱ्यासाठी माणसे जिवाचे रान करतात.

पहिली शर्यत १९०३ साली झाली. ती सुरू केली एका वर्तमानपत्राने. आपल्या पत्राचा खप वाढावा, हा सरळ धंद्याचा हेतू. संपादकाचे नाव आंरी देग्रांज. साठ स्वार निघाले, त्यांतले एकवीसच शेवटपर्यंत पोचले. पहिला आला तो मोरिस गारँ. हा गडी पूर्वी लोकांच्या घरांची धुरांडी साफ करीत असे. ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापत, म्हणून १९१९ साली पुढच्या स्वाराला पिवळा सदरा द्यायची चाल पडली. दोन महायुद्धांची वर्षे सोडली, तर शर्यत दर साल होत आली आहे. २०२२ पासून बायकांचीही अशीच टप्प्याटप्प्यांची शर्यत त्याच नावाने निघते.

आता मुद्द्याची गोष्ट. कुस्तीचा फड असो की नाटकाचा तंबू, आत जायला तिकीट पडते. या शर्यतीला तिकीट नाही. रस्ता सगळ्यांचा. ज्याला वाटेल त्याने यावे आणि कडेला उभे राहावे. बहुतेक रस्त्यावर ना दोरी, ना कठडा. हात लांब केला तर जगातला मोठ्यातला मोठा स्वार हाताला लागेल, एवढ्या जवळून तो जातो. दुसऱ्या कोणत्या खेळात असे आहे, सांगा बरं!

म्हणून माणसे लोटतात. दर साल एक कोटीच्या आसपास लोक रस्त्यावर येतात, असा अंदाज सांगतात. शर्यतीच्या आधी जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक जाते. ही चाल १९३० पासूनची. गाड्यांवरून टोप्या, गोळ्या-बिस्किटे, बारीकसारीक वस्तू फेकतात. पोरे झेलतात, आणि खोटे कशाला बोला, थोर माणसेही झेलतात. आवडत्या स्वाराचे नाव लोक रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवतात. आल्प डुएझ नावाच्या घाटाला एकवीस वळणे आहेत. त्यांतले सातवे वळण हॉलंडच्या लोकांचे ठरून गेले आहे. १९७६ ते १९८९ या काळात हॉलंडच्या स्वारांनी हा घाट आठ वेळा जिंकला. तेव्हापासून ते लोक नारिंगी कपडे घालून तिथे जमतात. जर्मनीचा डिडी झेंफ्ट नावाचा एक गृहस्थ १९९३ साली तांबड्या सैतानाचे सोंग घेऊन, हातात त्रिशूळ घेऊन रस्त्यावर उभा राहिला. पुढे कित्येक वर्षे तो येतच राहिला. स्वार त्याला ओळखू लागले.

शेतकऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. शर्यतीचे चित्रण हेलिकॉप्टरातून होते, हे त्यांना ठाऊक झाले. मग ते आपल्या शेतात गवताचे भारे आणि ट्रॅक्टर मांडून भलीमोठी सायकल काढतात. ट्रॅक्टर गोल गोल फिरवून त्या सायकलीची चाके फिरवतात. वरून बघणाऱ्याला वाटते, शेतच सायकल हाकते आहे.

पण मंडळी, जवळ उभे राहायला मिळते यातच सुख आहे, आणि यातच धोकाही आहे. शर्यत दोन वर्षांची होते न होते तोच हे दिसून आले.

सन १९०४. तेव्हा टप्पे फार लांब असत, रात्रीसुद्धा शर्यत चाले. सेंत-एतिएन गावाजवळच्या घाटात अंधारात शंभरएक माणसे काठ्या आणि दगड घेऊन दबा धरून बसली. त्यांच्या भागातला एक स्वार होता, आंत्वान फोर. त्याला त्यांनी वाट दिली. मागून गारँ आणि इतर आले, तशी रस्ता अडवून मारहाण सुरू केली. जेर्बी नावाच्या इटालियन स्वाराला इतके मारले की त्याला शर्यत सोडावी लागली. अखेर अधिकाऱ्यांनी पिस्तुले काढून हवेत बार केले, तेव्हा गर्दी पांगली. पुढे रस्त्यावर खिळेही टाकले गेले. त्या वर्षी स्वारांनीही कमी लबाडी केली नाही. कोणी मोटारीतून गेले, कोणी आगगाडीतून. चौकशी होऊन पहिले चारही जण बाद झाले, आणि पाचवा आलेला आंरी कॉर्ने विजयी ठरला. त्याचे वय अवघे एकोणीस. लोकांच्या आंधळ्या वेडाने ही शर्यत मारली, आता ती पुन्हा व्हायची नाही, अशा अर्थाचे देग्रांजने लिहिले. पुढच्या वर्षी त्याने ती पुन्हा भरवली, हेही सांगितले पाहिजे.

मारणारे होते, तसे मदतीला धावणारेही होते. पण मदतही मना होती. १९१३ साली पिरेनीज डोंगरात यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. चिमटा म्हणजे पुढचे चाक ज्यात बसते ते लोखंड. नियम असा की सायकल आपली आपणच दुरुस्त करायची. तो सायकल खांद्यावर घेऊन दहाएक किलोमीटर डोंगर उतरला. खाली एका खेड्यात लोहाराची भट्टी होती. लोहार काम करून द्यायला तयार होता, पण शर्यतीचे पंच तिथे डोळ्यांत तेल घालून उभे. क्रिस्तोफने स्वतः घण घेतला, स्वतः लोखंड तापवले, स्वतः जोडले. दोन हात गुंतलेले, मग भाता कोण ओढणार? लोहाराकडच्या पोराने ओढला. झाले! पंचांनी तेवढ्यासाठीही दंड म्हणून त्याच्या वेळेत मिनिटे वाढवली. त्या खेड्यात आज त्याच्या आठवणीचा फलक आहे. शर्यत त्याने कधीच जिंकली नाही. १९१९ साली पहिला पिवळा सदरा मात्र त्याच्याच अंगावर चढला.

लोक ज्याला मनात धरतात, तो पहिलाच आलेला असतो असे नाही. रेमों पुलिदोरची गोष्ट घ्या.

पुलिदोरचे आईबाप फ्रान्सच्या एका गरीब मुलखात दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. हा पोरगाही शेतात राबून मोठा झाला. अंगाने घट्ट, बोलायला साधा, उन्हाने रापलेला. त्याच काळात झाक आंकेतील हा दुसरा मोठा स्वार होता. डोके थंड, घड्याळाचा पक्का. आंकेतीलने ही शर्यत पाच वेळा जिंकली. पुलिदोर तीन वेळा दुसरा आला, पाच वेळा तिसरा आला. पहिला कधीच नाही. एवढेच काय, पिवळा सदरा त्याला एक दिवससुद्धा घालायला मिळाला नाही. तो कच्चा होता असे नाही बरं का. स्पेनची अशीच मोठी शर्यत त्याने १९६४ साली जिंकून दाखवली होती.

त्याच १९६४ सालची १२ जुलै. पुई द दोम नावाचा, ज्वालामुखीचा विझलेला डोंगर. त्या चढणीला पाच लाख माणसे जमली होती असे म्हणतात. आंकेतील छप्पन्न सेकंदांनी पुढे होता. दोघे शेजारी शेजारी चढू लागले. कोणी मागे हटेना. कोपराला कोपर घासू लागले, तरी हटेनात. शेवटचा एक किलोमीटर राहिला, तेव्हा आंकेतील ढेपाळला आणि पुलिदोर सुटला. बेचाळीस सेकंद त्याने मिळवले. छप्पन्नातून बेचाळीस गेले, राहिले किती? चौदा! चौदा सेकंदांनी पिवळा सदरा हुकला. पॅरिसला शर्यत संपली तेव्हा आंकेतील पंचावन्न सेकंदांनी पुढे राहिला.

आणि लोकांनी डोक्यावर कोणाला घेतले? पुलिदोरला! आंकेतीलला तर १९५९ साली पॅरिसमध्ये लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. तिकडे शिट्टी कौतुकाची नव्हे, हुर्यो करण्याची. तो गडीही खमक्या. त्याने आपल्या होडीचे नावच 'एकोणसाठच्या शिट्ट्या' असे ठेवले. मला विचाराल तर त्याच्यावर हा अन्याय झाला. पाच वेळा जिंकणे म्हणजे काही पोरखेळ नाही. पण प्रेम का हिशेबाने होते?

प्रेमाचे असे, तसे रागाचेही. १९७५ साली बेल्जमचा एडी मर्क्स, पाच वेळा जिंकलेला, पिवळा सदरा घालून त्याच पुई द दोमवर चढत होता. हा परका माणूस फ्रान्सची शर्यत सहाव्यांदा जिंकतो की काय, ही बोच काही फ्रेंचांना होती. गर्दीतून एकाने पुढे होऊन त्याच्या पोटात बुक्की मारली. मर्क्स कसाबसा वर पोचला. मग खाली परत येऊन त्याने त्या माणसाला ओळखून दाखवले. कोर्टात खटला झाला, भरपाई ठरली नाममात्र एक फ्रँक. दोन दिवसांनी एका चढणीवर फ्रान्सच्या थेवेनेने मर्क्सला गाठून मागे टाकले, आणि ती शर्यत थेवेनेने जिंकली. मर्क्स दुसरा आला. बुक्की बसली नसती तर काय झाले असते, याचा वाद तिकडचे लोक अजून घालतात.

मी शाळेत असताना आमच्या पटांगणावर एकदा मुलांच्या धावण्याच्या शर्यती होत्या. एका मुलाचे वडील राहवेना म्हणून आत धावले आणि पोराबरोबर पळू लागले. "पळ, पळ" म्हणता म्हणता शेजारच्या मुलाच्या पायात आले. दोन्ही मुले पडली. त्या बापाला काही वाईट करायचे नव्हते. मी रागावलो खरा, पण रागवावे कोणाला, हे मला त्या दिवशी कळेना.

२०१८ साली दक्षिण फ्रान्समध्ये शेतकऱ्यांनी गवताच्या गासड्या रस्त्यावर टाकून शर्यत अडवली. सरकारी मदतीबद्दल त्यांचे गाऱ्हाणे होते. पोलिसांनी त्यांच्यावर तिखट वायू फवारला. वारा उलटा होता. वायू स्वारांच्याच डोळ्यांत गेला. शर्यत पंधराएक मिनिटे थांबली, डोळे धुतले आणि पुन्हा निघाली. रस्ता सगळ्यांचा म्हटला की गाऱ्हाण्यालाही तोच रस्ता सापडतो.

आता २०२१ सालचे दोन दिवस सांगतो आणि थांबतो. २६ जून, शर्यतीचा पहिला दिवस. रस्त्याच्या कडेला एक बाई हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभी होती. पाटीवर आपल्या आजी-आजोबांसाठी चार प्रेमाचे शब्द लिहिलेले. घरी बसून ती दोघे दूरदर्शनवर बघतील, ही तिची आशा. म्हणून ती कॅमेऱ्याकडे तोंड करून, पाटी रस्त्यात पुढे धरून उभी राहिली. मागून येणाऱ्या घोळक्याकडे तिची पाठ होती. कडेचा स्वार पाटीवर आदळला. त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. पाहता पाहता डझनावारी माणसे आणि सायकली यांचा ढीग झाला. पुढे कोर्टाने तिला बाराशे युरो दंड केला. तिला हसणे सोपे आहे. पण आजीला 'मी इथे आहे' असे सांगावेसे वाटणे, हे का आपल्याला अनोळखी आहे?

दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, ब्रिटनी प्रांतातल्या एका चढणीवर टप्पा संपायचा होता. कालचे एवढे घडूनही चढणीला दोन्ही कडांना माणसे उभी होतीच. हॉलंडचा मात्यू व्हान डर पूल घोळक्यातून सुटला आणि एकटा वर आला. त्या टप्प्याने पिवळा सदरा त्याच्या अंगावर आला. हा मात्यू म्हणजे पुलिदोरच्या मुलीचा मुलगा. आजोबा २०१९ साली वारले होते. म्हातारपणीही ते दर वर्षी शर्यतीला येत, आणि लोक त्यांच्याभोवती गोळा होत. रेषा ओलांडताना मात्यूने बोट आभाळाकडे केले. मग त्याला रडू आवरेना.