मधमाशी नव्हे, माशी!

शाळेच्या बागेतील झेंडूच्या वाफ्यावर गतवर्षी हिवाळ्यात एक कीटक वारंवार येई. उदरावर पिवळे-काळे पट्टे आणि मकरंदासाठी चाललेली लगबग पाहून आम्ही निसर्ग-नोंदवहीत बेधडक ‘मधमाशी’ असे लिहिले. त्या नोंदीमुळे लहान वर्गांतील मुलांना वाफ्याजवळ जाण्याची बंदी झाली. यंदा ते पान पुन्हा वाचताना, ‘बराच वेळ हवेत एकाच जागी स्थिर राहतो’ हे आमचेच वाक्य आम्हांला खटकले. मधमाशीचे असे वागणे आमच्या पाहण्यात नव्हते.

तेव्हा तसा एक कीटक बरणीत धरला, तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि भिंग घेऊन बसलो.

प्रथम पंख पाहिले. येथे घाई करणारा हटकून फसतो. मधमाशीला पंख चार. परंतु मागचे पंख पुढच्यांना सूक्ष्म आकड्यांनी अडकलेले असल्यामुळे उडताना ते दोनच भासतात. म्हणून मागच्या पंखांच्या जागी काय आहे, हे शोधावे लागते. आमच्या कीटकाच्या पंखाच्या बुडाशी एक पांढुरका पापुद्रा होता व त्याखाली, टाचणीच्या डोक्यासारखे टोक असलेली इवलीशी दांडी. दोन्ही बाजूंस एकेक. यांना संतोलक म्हणतात. उडताना ते पंखांबरोबर कंप पावतात आणि शरीर कोणीकडे कलले याची जाणीव कीटकाला देतात. हे दिसताच मधमाशीचा पक्ष लंगडा पडला. हा प्राणी द्विपंखी गणातला, म्हणजे घरमाशीचा व डासाचा भाऊबंद!

मग बाकीच्या खुणा आपोआप बोलू लागल्या. मधमाशीच्या शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात. याच्या आखूड, वर एकेक बारीक केस. कामकरी मधमाशीच्या मागच्या पायावर पराग साठविण्याची चपटी जागा असते, ती येथे नव्हती. पंखात एक खोटी शीर होती; तिची टोके इतर शिरांना मिळतच नाहीत. सिर्फिडी या कुलाची ही मोठी खूण होय. डोळे तर पाहतच राहावेत असे! पिवळसर, आणि त्यांवर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. हे ठिपके आणि वक्षावरील उभे पट्टे यांवरून ती एरिस्टॅलिनस प्रजातीतील माशी ठरली.

तिला नांगी नसते. मधमाशीचा डंख अनुभवलेला पक्षी हे पट्टेच पाहून दूर राहतो; आम्हीही त्या पक्ष्यासारखेच फसलो म्हणायचे. या माशीच्या अळ्या साचलेल्या घाण पाण्यात वाढतात व शेपटीसारखी लांब नळी पाण्यावर काढून श्वास घेतात. नळाजवळच्या डबक्यात आम्ही पूर्वी पाहिलेले ‘शेपटीचे किडे’ कोण होते, तेही अशा रीतीने उलगडले.

फडके सोडताच माशी झेंडूकडेच गेली. खऱ्या मधमाश्याही तेथे येत असल्याने बंदी अजून पुरती उठलेली नाही. मात्र भिंग घेऊन येणाऱ्यास आता मज्जाव नाही. जुनी नोंद तशीच ठेवून तिच्या शेजारी आम्ही तांबड्या शाईने लिहिले : ‘पंख दोन. संतोलक पाहिले.’