गणित कम्युनिटी कॉलेजात की थेट विद्यापीठात?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलीला गणितात पदवी घ्यायची आहे. खर्च वाचवण्यासाठी पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली, तर पाया कच्चा राहील का?
– एक पालक, सॅन होजे

उत्तर : पाया कच्चा राहण्याचं कारण नाही. कॅल्क्युलसचे तिन्ही भाग, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हे विषय तिथे नीट शिकवले जातात. वर्गही बहुधा लहान असतात. मात्र तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, कोणता कोर्स कुठल्या विद्यापीठात ग्राह्य धरला जातो, हे प्रवेश घेण्याआधीच ‘असिस्ट डॉट ऑर्ग’ या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. कॅल्क्युलसची मालिका शक्यतो एकाच कॉलेजात पूर्ण करावी. अर्धी इथे, अर्धी तिथे केली की एखादा धडा हमखास निसटतो.

दुसरी, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसमध्ये अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देणारी ‘टॅग’ योजना आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. तिथे चुरस असते.

तिसरी आणि खरी कसोटी तिसऱ्या वर्षाची. रिअल अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रात आकडेमोड मागे पडते, सिद्धता लिहावी लागते. अनेकजण अडखळतात ते इथे. त्यामुळे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा कोर्स असेल तर तो जरूर घ्यावा आणि सिद्धता लिहिण्याचा सराव आधीच सुरू करावा.

एवढी तयारी असेल, तर निःशंक मनाने कम्युनिटी कॉलेज निवडा.