हिवाळा आला, गाडीला कोणते टायर घ्यावेत? ‘ऑल सीझन’ या शब्दाचा अभ्यास



आपल्यापैकी बरेच जण नांदेड किंवा लातूरला राहतात आणि शाळेसाठी रोज अप-डाउन करतात. चार-पाच जण मिळून एक छोटी गाडी, पेट्रोलचा खर्च वाटून. दिवाळीनंतर शनिवारची सकाळची शाळा असली की अंधारातच निघावे लागते. त्याच दिवसांत उसाचा हंगाम असतो. रस्त्याने दिवे नसलेल्या ट्रॉल्या चालतात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडलेली असते आणि त्यावर दव. अशा वेळी गाडी आणि रस्ता यांच्यात फक्त चार टायर असतात. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढाच असतो. म्हणून हा पाठ.

१) ‘ऑल सीझन’ म्हणजे कोणते सीझन?

दुकानात विचारले की उत्तर येते, “सर, हे ऑल सीझन आहे, बिनधास्त घ्या.” तेव्हा आपण विचारायचे, कोणत्या गावचे सीझन?

खोबरेल तेलाची बाटली हिवाळ्यात गोठते, हे आपण घरी बघतो. रबर तसे गोठत नाही, पण थंडीत कडक होते. कडक रबर रस्ता नीट पकडत नाही. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली सतत राहू लागले की नेहमीच्या टायरची पकड कमी होते. म्हणून बर्फाच्या देशांत मऊ रबराचे हिवाळी टायर वापरतात. तिकडचा ‘ऑल सीझन’ टायर म्हणजे थोडा बर्फही सांभाळणारा टायर. त्यावर डोंगराची तीन शिखरे आणि आत हिमकण असे चिन्ह असते. हे चिन्ह बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळते. नुसते ‘एम’ आणि ‘एस’ लिहिलेले असेल तर तो चिखल-बर्फासाठीचा कंपनीचा स्वतःचा दावा असतो. आपली मुले जर्मनीत नोकरीला असतील तर त्यांना हे माहीत असते. तिथे रस्त्यावर बर्फ असताना हिमकणाच्या चिन्हाशिवाय गाडी चालवणे कायद्याने चालत नाही.

आता आपल्याकडे या. नांदेड गोदावरीकाठी, सखल भागात. लातूर बालाघाटच्या पठारावर, उंचावर, म्हणून थोडे थंड. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी ऊन चटके देते. मे महिन्यात तर पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. मऊ रबराचा बर्फाचा टायर इथे लवकर झिजेल आणि तापलेल्या रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागेल.

थोडक्यात, आपले तीन सीझन म्हणजे तापलेले डांबर, पावसाचे पाणी आणि दवाची पहाट. आपल्या बाजारातला छोट्या गाडीचा साधा, चांगला रेडियल टायर या तिन्हींसाठी पुरेसा आहे. हिवाळ्यासाठी वेगळा टायर घ्यायची गरज नाही. गरज आहे ती टायर वाचायला शिकण्याची.

२) टायर वाचूया

टायरच्या कडेला लिहिलेले असते : १६५/८० आर १४ ८५ टी. मारुती स्विफ्टच्या साध्या मॉडेलांवर हा साइज येतो. त्याचा अर्थ असा :

- १६५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ८० : टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. म्हणजे १६५ × ०.८० = १३२ मिमी.
- आर : रेडियल बांधणी.
- १४ : रिमचा व्यास, इंचांत.
- ८५ : भाराचा निर्देशांक. एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार चालतो.
- टी : वेगाची मर्यादा, ताशी १९० किमी.

सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. रिमचा व्यास १४ × २५.४ = ३५५.६ मिमी. त्यात वरची-खालची भिंत, म्हणजे २६४ मिमी मिळवा. पूर्ण व्यास ६१९.६ मिमी. परीघ साधारण १.९५ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ५१४ वेळा फिरते. ताशी ८० च्या वेगाने सेकंदाला ११ पेक्षा जास्त फेरे! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच गाडीच्या महाग मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. त्याचा व्यास काढून पाहा : ६२१.५ मिमी. रिम मोठी झाली तरी चाकाचा व्यास जवळपास तोच राहिला. म्हणून ‘रुंद टायर टाका, गाडी भारी दिसते’ हा सल्ला ऐकून मनाने साइज बदलू नये. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो साइज लिहिला आहे, तोच घ्यावा. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर त्यापेक्षा कमी नसावे. आयएसआय चिन्हही पाहावे.

३) टायरची जन्मतारीख

टायरच्या कडेला एका लंबगोलात चार अंक असतात. समजा ३५२३. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानात ‘नवीन’ म्हणून दिलेला टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख पाहतो, तशी हीही पाहायची. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत. दहा वर्षांनंतर खाचा कितीही चांगल्या दिसोत, टायर वापरू नये. डिकीतल्या स्टेपनीलाही हाच नियम.

४) खाचा किती उरल्या?

खाचांचे मुख्य काम पाणी बाहेर फेकणे. खाच उथळ झाली की पावसात चाक पाण्यावर तरंगते, आणि मग स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही ऐकत नाहीत. टायरच्या खाचेत आडवी छोटी उंचवट्याची पट्टी असते. टायर झिजून त्या पट्टीच्या पातळीला आला की १.६ मिमी खाच उरली. कारसाठी ती कायद्याची शेवटची मर्यादा. आपण मात्र पावसाळ्यापूर्वी ३ मिमीच्या आसपासच बदलायचा विचार करावा.

कोरड्या रस्त्याची पकड ०.७ आणि ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरची ०.४, असे गणितासाठी धरू. वेग ताशी ८०, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे २२ मीटर गेलेच. त्यानंतर पहिल्या टायरला सुमारे ३६ मीटर लागतात, दुसऱ्याला सुमारे ६३. एकूण ५८ विरुद्ध ८५. हा २७ मीटरचा फरक म्हणजे समोरची उसाची ट्रॉली चुकणे किंवा तिच्यावर आदळणे.

५) हवा : सगळ्यात स्वस्त उपाय, सगळ्यात जास्त गैरसमज

*गैरसमज पहिला : “उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो.”* हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. सेकंदाला ११ वेळा! वाकडी-सरळ करत राहिलेली तार गरम होऊन तुटते, तसेच इथे होते. गाडीत पाच जण आणि सामान असेल तर आणखी जास्त. ५१५ किलोचा भार टायर पेलतो, पण हवा योग्य असेल तरच.

*गैरसमज दुसरा : “उन्हाळ्यात भरली होती, अजून ठीक आहे.”* बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतो. मेच्या दुपारी ४० अंशांत ३३ पीएसआय हवा भरली. वातावरणाचा १४.७ धरून एकूण ४७.७. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश. ४७.७ × २८५ ÷ ३१३ = ४३.४. त्यातून १४.७ वजा केले की उरले २८.७. एकही पंक्चर नसताना चार पीएसआय कमी! शिवाय मधल्या महिन्यांत थोडी हवा झिरपते ती वेगळीच. हिवाळ्याची खरी टायर-तयारी ती हीच.

*गैरसमज तिसरा : “नायट्रोजन भरला की बघायला नको.”* साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोणतीही हवा भरा, पंधरा दिवसांनी तपासावीच लागते.

हवा सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावर तपासा. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो. प्रवासात तापल्यावर आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडू नका.

६) दोनच टायर घ्यायचे असतील तर?

पगारातून चार टायर एकदम घेणे प्रत्येकाला जमत नाही. दोनच घेतले तर नवे मागे टाका. पुढची चाके घसरली तर वेग कमी केल्यावर गाडी बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणे आपल्यासारख्या साध्या चालकाला जमत नाही.

७) मोठ्या रस्त्यांवर जाताना

नांदेड-लातूर रस्ता आता नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. वेग सहज वाढतो. पुढे जालन्याहून समृद्धी महामार्ग लागतो. तो ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला. पहिल्याच वर्षात टायर फुटून झालेल्या अपघातांची मोठी चर्चा झाली आणि परिवहन विभागाने प्रवेशावर टायर तपासणी सुरू केली. गावातल्या पन्नासच्या वेगाला जो म्हातारा टायर निभावून नेतो, तो तासन्‌तास शंभराच्या पुढे निभावेलच असे नाही. लग्नाला किंवा सहलीला निघण्याआधी तारीख, खाचा, हवा आणि कडेचे फुगे-चिरा या चार गोष्टी पाहाच.

उपक्रम

मुलांना घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे टायर वाचायला सांगा. गाडी उभी आणि बंद असताना, मोठ्या माणसासोबत. वहीत चार रकाने : साइज, आठवडा-वर्ष, खाचेची खोली, हवा. खोली मोजायला पट्टी चालेल. परीघ गणिताने काढायचा आणि मग चाकावर खडूची खूण करून, गाडी हळू ढकलून, प्रत्यक्ष मोजायचा. भाराखाली टायर थोडा दबतो, म्हणून उत्तर किंचित कमी येईल. का, ते मुलांनाच शोधू द्या.

एक फायदा आणखी. मुलगी वही घेऊन म्हणाली, “बाबा, आपला टायर माझ्या भावापेक्षा मोठा आहे,” तर बाबा ते टायर नक्की बदलतात. आपण चार वेळा सांगून होत नाही, ते तिच्या एका वाक्याने होते.