परवाना भिंतीवर आहे, मग वही कशाला?

प्रश्न : माझी भाची दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली आहे. परवाने फ्रेम करून भिंतीवर लावलेले आहेत, तपासणीला फारसं कोणी फिरकत नाही, तरी डॉक्टर तिला रोज वह्या भरायला लावतात. महिनाअखेरीस एकदम लिहिलं तर काय बिघडतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : घोटाळा त्या फ्रेमपाशीच होतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं. म्हणून काम संपलं असं वाटतं. पण तेच नियम कचऱ्याची रोजची नोंद ठेवायला आणि ती पाच वर्षं जपायला सांगतात. शिवाय दरवर्षी ३० जूनपर्यंत मागच्या वर्षाचा अहवाल द्यायचा असतो, आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण व आरोग्यतपासणी वर्षातून एकदा तरी करायची असते. एक्स-रे यंत्राचा परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाकडचा. तो मात्र मुदतीचा असतो.

आता महिनाअखेरीचं. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. यातला रक्ताळलेला कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांहून जास्त ठेवायचा नसतो. कचरा नेणारी गाडी चुकली तर ते त्याच दिवशी लिहिलेल्या वहीत दिसतं आणि लगेच फोन करता येतो. महिन्याभराचं एका बैठकीत लिहिलं, की रोजचं वजन अंदाजाने सारखंच पडतं आणि चुकलेली गाडी दिसतच नाही.

ऑटोक्लेव्हचं, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, तर याहून नाजूक. हत्यारांच्या पाकिटावरच्या टेपचे पट्टे काळे झाले म्हणजे जंतू मेले, असा सर्रास समज आहे. पट्टे एवढंच सांगतात की पाकिटाला उष्णता लागली. जंतू खरंच मेले का, हे बीजाणू चाचणीने कळतं. चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेली पट्टी हत्यारांसोबत आत ठेवतात आणि नंतर त्यातून काही उगवतं का ते पाहतात. उगवलंच, तर आधीच्या यशस्वी चाचणीनंतरची सगळी पाकिटं बाजूला काढून पुन्हा निर्जंतुक करायची. पण कोणती पाकिटं? प्रत्येकावर तारीख आणि फेरीचा क्रमांक असेल, आणि तोच वहीत असेल, तरच सांगता येईल.

सुई टोचणं ही बाब मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच ‘एवढंसं तर आहे’ म्हणून लिहायची राहते. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, पिळायची नाही आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच, तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात. ७२ तासांनंतर ती देत नाहीत. कोणत्या रुग्णाची सुई, किती वाजता, किती खोल, हे त्या क्षणी लिहिलेलं असलं की डॉक्टरांचा निर्णय झटपट होतो. पुढे भाचीला काही झालं, तर ते कामावरच झालं हे दाखवायलाही ती नोंद लागते.

हेपटायटिस बीचंही असंच. लस झाली आहे, एवढं तोंडी सांगणं पुरत नाही. तीन डोसांच्या तारखा हव्यात. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी केलेल्या रक्ततपासणीत प्रतिपिंडांचं प्रमाण १० mIU/ml किंवा त्याहून जास्त आल्याचा अहवालही हवा. भाचीच्या फाइलमध्ये हा कागद आहे का, ते तिला विचारून घ्या. नसेल तर तिने उद्याच डॉक्टरांना सांगावं.