दिव्यामागचा धूर : तेलावरच्या विजेचा हिशेब कसा मांडावा

(अभ्यासपाठ)



मेळघाटातल्या धारणी तालुक्यातील एका वसतिगृहासाठी 25 केव्हीएचा डिझेल जनरेटर घ्यावा, असा प्रस्ताव आपल्या समितीपुढे आला. पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात आणि वीज तासन्‌तास जाते. कोरकू मुले अंधारात जेवतात, अंधारातच शौचालयाला जातात. मी नागपुरात विजेच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून समितीने मला सांगितले, "यंत्राची किंमत आम्ही पाहतो. त्याचा हवा, पाणी आणि मुलांवर काय परिणाम होईल, ते तुम्ही पाहा." हा हिशेब कोणत्याही मंडळीला, शाळेला किंवा दवाखान्याला करता येतो. त्याच्या पाच पायऱ्या आहेत.

1. गरज किती?

वसतिगृहातले दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप मिळून भार सुमारे 5 किलोवॉट होतो. 25 केव्हीएचे यंत्र 20 किलोवॉटपर्यंत वीज देते. मोठे यंत्र घेतले की निश्चिंत, असे आपल्याला वाटते. पण या आकाराचे यंत्र पूर्ण भारावर एका लिटरमधून तीन ते साडेतीन युनिट देते, तर चौथ्या हिश्शाच्या भारावर जेमतेम दोन-सव्वादोन. म्हणजे गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतल्यास प्रत्येक युनिटमागे दीडपट तेल जळते.

2. तेल येते कोठून?

भारत आपल्या गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो. ते जहाजाने येते, शुद्धीकरण कारखान्यात जाते, तेथून डेपोत, टँकरने पंपावर आणि शेवटी पिंपात भरून जीपने घाटातून वर. प्रत्येक टप्प्यावर इंधन खर्च होते, आणि कोठे ना कोठे सांडतेही. पिंप विहिरीजवळ ठेवले तर ती सांडलवंड थेट पिण्याच्या पाण्यात उतरते.

3. जाळल्यावर काय निघते?

एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दिवसाला चार तास, असे पावसाळ्याचे 120 दिवस धरले तर आपल्या यंत्राला साधारण 1100 लिटर डिझेल लागेल. त्यातून जवळजवळ तीन टन वायू निघेल. लिटरला 90 रुपये धरले तर सुमारे एक लाख रुपयेही जातील. हा देणगीदारांनी विश्वासाने दिलेला पैसा आहे.

तीन टन हा आकडा जगाच्या मानाने नगण्य आहे. मुलांच्या छातीचा विचार केला तर तो नगण्य राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. म्हणून धुराचे नळकांडे कोठे उघडते, हे महत्त्वाचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम सोपा आहे : केव्हीएच्या आकड्याचे वर्गमूळ काढा, त्याला 0.2 ने गुणा, आणि इमारतीच्या उंचीच्या तितके मीटर वर नळकांडे न्या. 25 चे वर्गमूळ 5, म्हणजे छपराच्या एक मीटर वर. प्रस्तावाच्या आराखड्यात ते झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली दाखवले होते.

4. मागे काय उरते?

यंत्रातून काढलेले जुने ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचे असते. खेड्यात मात्र ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात किंवा ओढ्याकाठी ओततात. मग ते मासळीत आणि गुरांच्या पाण्यात उतरते.

5. पर्याय कोणते?

येथे "काहीच न करणे" हाही पर्याय मोजावा लागतो. अंधारात मण्यार दिसत नाही, आणि रॉकेलच्या चिमणीचा धूर डिझेलपेक्षा बरा नाही. तेव्हा केवळ "जनरेटर नको" म्हणून भागत नाही. सौर पॅनेल आणि बॅटरी घेतली तर जळणाचा खर्च व धूर जातो. पण वीज जाते पावसाळ्यात आणि ऊनही कमी पडते तेव्हाच. शिवाय शिशाची जुनी बॅटरी भंगारात फोडली तर ती विषारी ठरते, ती विक्रेत्याला परत द्यावी लागते.

हे सारे मांडून मी समितीला असे सुचवले : दिवे आणि पंख्यांसाठी सौर संच व बॅटरी, पंप दिवसा ऊन असताना चालवून टाकी भरून ठेवायची, आणि सलग ढगाळ दिवसांसाठी 5 केव्हीएचा लहान जनरेटर, इमारतीपासून दूर आणि नळकांडे उंच करून. सुरुवातीचा खर्च जास्त आहे. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे.

मोठ्या चिमणीकडे पाहताना

हीच पायऱ्यांची मोजपट्टी नागपूरजवळच्या कोराडीलाही लावता येते. तेथे 660 मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात, पण बॉयलर पेटवायला आणि भार कमी असताना ज्योत टिकवायला तेथेही तेलच लागते. कोळशाची राख हा तेथला मोठा प्रश्न. जुलै 2022 मध्ये खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राख शेतात शिरली. वीज वापरणारा एकीकडे, राख सोसणारा दुसरीकडे. म्हणून "किती" या प्रश्नाइतकाच "कोणी सोसायचे" हाही प्रश्न विचारावा लागतो.

मोठ्या प्रकल्पांना हे प्रश्न कायदा विचारतो. 2006 च्या अधिसूचनेनुसार कोळशाचे वीज केंद्र 500 मेगावॉटचे झाले की केंद्र सरकारची पर्यावरण मंजुरी लागते. डिझेलसारख्या इंधनांसाठी हीच मर्यादा 50 मेगावॉट आहे. जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. कोराडीतील नव्या दोन संचांसाठी 29 मे 2023 रोजी अशी सुनावणी झाली. पण मराठी सारांश कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या आजीला कोण वाचून दाखवणार? हे काम आपले कार्यकर्ते करू शकतात.

आपला जनरेटर मात्र 0.02 मेगावॉटचा. त्याच्यासाठी कोणी सुनावणी ठेवणार नाही. ती आपणच आपल्या बैठकीत ठेवायची, आणि त्या खिडकीमागे झोपणाऱ्या मुलांनाही तिथे बोलू द्यायचे.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपल्या चर्चमधील किंवा शाळेतील जनरेटरचे नळकांडे कोठे उघडते? नियमाप्रमाणे त्याची उंची किती हवी?
2. मागील वर्षी त्यात किती लिटर डिझेल जळले? हिशेबाच्या वहीतून आकडा काढा आणि 2.7 ने गुणा.
3. जुने ऑइल आणि जुन्या बॅटऱ्या कोठे जातात? जबाबदारी कोणाकडे आहे, त्याचे नाव लिहून ठेवा.